चांगदेवशेठ स्टील काढतात

साखरपुड्याच्या हॉलमध्ये हातात माइक येईपर्यंत चांगदेव भोईर हे नारपोलीतले एक सुखी गृहस्थ होते. लेक मृणालीचं लग्न काल्हेरच्या म्हात्र्यांकडे ठरलं होतं, मुलगा सालस होता, जेवणात मटण कमी पडलं नव्हतं, आणि बंद पडलेला मागांचा कारखाना रिकामा करून जागा भाड्याने द्यायचंही जवळजवळ नक्की झालं होतं. एवढं सगळं जमून आलं की शहाण्या माणसाने माइकपासून चार हात लांब राहावं. पण आधी व्याही बोलले, आणि तिथेच घात झाला.

व्याही म्हणजे दौलतशेठ म्हात्रे. खाडीकाठच्या जमिनीवर त्यांची गोदामं उभी आहेत, आणि बोलतानाही ते एखादं गोदाम उघडल्यासारखेच बोलतात. ते म्हणाले, "आमाला काय बी नको. भांडी तं आजिबात नको. घरान स्टील ठेवाया जागा न्हाय. चांगदेवशेठनी माग भंगारान काढलंत, त्याचं जं काय येल त्यात त्यांनी हलदीचा खर्च भागवावा, म्हंजे झालं!"

हॉल हसला. दौलतशेठांच्या मनात काही वाईट नव्हतं, आपण विनोद केला असंच त्यांना वाटत होतं. पण 'भंगार' हा शब्द चांगदेवशेठांच्या काळजात जाऊन बसला. ज्या मागांच्या खडखडाटावर पोरं वाढली, ज्यांच्या आवाजामुळे या घरात सगळ्यांना अजूनही ओरडूनच बोलायची सवय आहे, ते माग भंगार? त्यांनी माइक घेतला आणि वरच्या पट्टीत सांगून टाकलं, "भंगार कोन बोलला? मी माझ्या मागांचं स्टील काढनार! पोरीच्या रुखवतातलं भांडं न भांडं त्याच स्टीलचं आसंल, आनि प्रत्येकावर नाव आसंल, 'बाबांकडून'!"

टाळ्या पडल्या. शिट्ट्याही पडल्या. आपल्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं लग्नात ठेवत नाहीत, चमच्यावरसुद्धा कुणाकडून आला ते कोरलेलं असतं, त्यामुळे हा मुद्दा सगळ्यांना पटला. चांगदेवशेठ घरी पोचायच्या आत त्यांचं भाषण तीन गावांतल्या मोबाइलवर पोचलेलं होतं.

घरी आल्यावर बायकोने, म्हणजे कमळाबाईंनी, चपला काढता काढता विचारलं, "अवो, स्टील कसा काढतान ठाव हाय का तुमाला?"

"त्यात ठाव काय कराचंय? लोखंड वितलवाचा, वताचा. खर्चाचा अंदाज काढला का झाला."

तो अंदाज काढायला कागद लागला, तेव्हा लग्नपत्रिकेचा नमुना हाताशी होता. जाड, गुळगुळीत, वर सोनेरी गणपती, पाठ कोरी. चांगदेवशेठांनी पाठीवर आकडे मांडले. भंगारवाला मागाला किलोमागे देतो तो भाव एका बाजूला. भांड्यांच्या दुकानात स्टील वजनावर विकतात तो भाव दुसऱ्या बाजूला. दुसरा पहिल्याच्या दहापट निघाला! मधले पैसे कोण खातं? या प्रश्नाने ते इतके भारावले की चहा निवला. पहिल्या अंदाजाप्रमाणे सगळी भांडी फुकटात पडून वर हळदीचा बँडही निघत होता. एवढा सोपा धंदा सोडून भिवंडी इतकी वर्षं कापड का विणत बसली, याचं त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नूर मोहम्मद आले. नूरभाईंचे माग निजामपुऱ्यात, तेही आता निम्मे बंद. दोघांची दोस्ती तरुणपणापासूनची, आणि सकाळचा चहा नारपोलीत घ्यायचा हा नूरभाईंचा नेम. त्यांनी पत्रिका उलटी करून अंदाज वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "चांगदेवशेठ, आग का खर्चा किधर है?"

आग राहिलीच होती. एक टन लोखंड वितळवायला सहाशेच्या वर युनिट वीज लागते असं नूरभाईंना कुणी तरी सांगितलं होतं. आता विजेचा दर काढणं आलं. नूरभाईंचं म्हणणं, बिलावर बघा. पण भट्टीचा दर घरगुती बिलावर कसा असेल? चांगदेवशेठ रीतसर माणूस. ते थेट वीज कचेरीत गेले.

खिडकीवरचा माणूस म्हणाला, "नुसता दर सांगता येत नाही. जोडणीसाठी अर्ज करा, मग अंदाजपत्रक मिळेल."

"मला जोडनी नको. फकस्त अंदाज पायजेल."

"अंदाजालाच अर्ज लागतो."

अर्ज भरला. 'विजेचा भार' या रकान्यात त्यांनी 'एक टन' लिहिलं. 'वापराचा हेतू' या रकान्यात बराच विचार करून 'मुलीचे लग्न' असं लिहिलं, कारण खोटं लिहायची त्यांना सवय नव्हती. आठवडाभराने दोन साहेब जागेच्या पाहणीला घरी आले. त्यांनी पलंगाखाली वाकून पाहिलं, मोरी पाहिली, आणि कमळाबाईंच्या गॅसच्या शेगडीपाशी उभं राहून गंभीरपणे विचारलं, "भट्टी हीच का?" कमळाबाईंनी त्यांना चहा दिला. साहेबांनी अहवालात काय लिहिलं ते कधी कळलं नाही, पण जाताना एक जण म्हणाला की भट्टी असेल तर धुराचीही परवानगी लागेल, आणि ती दुसऱ्या कचेरीत मिळते. त्या दुसऱ्या कचेरीने शेजाऱ्यांची हरकत नसल्याचं पत्र मागितलं. इथून शेजारी या प्रकरणात शिरले, आणि शिरलेला शेजारी बाहेर काढण्याची परवानगी कुठलीच कचेरी देत नाही.

समोरच्या घरातला जीवन हा इंजिनियर. नोकरी ऑनलाइन माल पाठवणाऱ्या एका गोदामात, पण शिक्षण धातूंचं. पत्रावर सही करण्याआधी तो म्हणाला, "काका, नुसतं वितळवून भांड्याचं स्टील नाही होत. ते स्टेनलेस. त्यात अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल घालावं लागतं. नाही तर हंड्यातलं पाणी दुसऱ्या दिवशी तांबडं."

चांगदेवशेठ हादरले, पण तोंडावर दाखवलं नाही. "घालू की," ते म्हणाले. जणू मिठाच्या डब्याशेजारीच निकेलचा डबा होता.

तेव्हापासून त्यांची सकाळ निकेलच्या भावाने उजाडू लागली. निकेलचा भाव लंडनमध्ये ठरतो, हे कळल्यावर त्यांना आधी अभिमान वाटला आणि मग काळजी वाटू लागली. निकेल चढलं की ते दुसरा चहा नाकारत. उतरलं की कमळाबाईंना म्हणत, "आज दोन वाट्या आजून बसतील." धामणकर नाक्यावर रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ते म्हणाले, "निकेल लय तापलंय." त्या माणसाने सहानुभूतीने विचारलं, "कौन से अस्पताल में है?"

पत्रिकेची पाठ भरली. मग दुसऱ्या पत्रिकेची भरली. भट्टीचं आतलं अस्तर, वितळताना होणारी घट, पत्रा लाटणं, भांड्यांचा साचा, पॉलिश. प्रत्येक शेजारी येताना एक खर्च घेऊन येई आणि चहा पिऊन जाई. शेवटी हिशेब असा उभा राहिला की एका हंड्याच्या किमतीत एक बरी सेकंडहॅंड स्कूटर आली असती. नूरभाई मान हलवत म्हणाले, "ये तो बिर्यानी हो गई, शेठ. चावल अपना, बाकी गोश्त-मसाला-देगची सब बाजार का. और नाम चावलवाले का!"

"नाम तर पायजेच," चांगदेवशेठ म्हणाले. मूळ भांडण नावाचंच होतं.

नूरभाईंनी मग मनावर घेतलं आणि शहराबाहेरच्या एका भट्टीवाल्याकडे त्यांना नेलं. सोबत नमुना म्हणून भिंतीकडच्या मागाची एक तंगडी, म्हणजे फ्रेमचा खालचा पाय, टेम्पोत टाकून नेली. भट्टीचा मालक चांगलाच गप्पिष्ट होता. त्याने आधी स्वतःच्या मुलाच्या लग्नाचा अल्बम दाखवला, मग एक घण मागवला आणि तंगडीवर हाणला. तंगडीचे दोन तुकडे झाले. चांगदेवशेठांना स्वतःचा पाय मोडल्यासारखं वाटलं.

"ये तो बीड है," मालक म्हणाला. "ओतीव माल. कार्बन ज्यादा. इस से स्टील बनाने जाओगे तो पहले कार्बन जलाओ, फिर माल मिलाओ. और मेरी भट्टी एक बार में कम से कम पाँच टन माँगती है. आपके लूम तो नाश्ता है."

परतीच्या वाटेवर चांगदेवशेठ एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, कारण त्यांच्याऐवजी नूरभाई बोलले. नाक्यावर टेम्पो अडकला तेव्हा त्यांनी दोन ओळखीच्या लोकांना सांगितलं की चांगदेवशेठला पाच टन लोखंड कमी पडतंय. दोस्तासाठी कळवळून सांगितलं, वाईट हेतू कुठलाच नाही. पण भिवंडीत निरोपाला पाय नसतात, चाकं असतात. संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं, चांगदेवशेठ पोरीच्या लग्नासाठी लोखंड जमवतायत.

लोकांनी मन मोकळं केलं. मृणाली म्हणजे गल्लीची पोर. सकाळी दार उघडलं तर ओट्यावर दोन मोडके पंखे, एक तीनपायी खाट, सायकलचे सांगाडे, बिनझाकणाची पेटी आणि कुणाच्या तरी गच्चीवरचा अख्खा जिना. दुपारी एक बाई येऊन स्वतःची इस्तरी देऊन गेली आणि म्हणाली, "आमच्याकडून आहेर समजा." गल्लीत रिक्षा शिरेना. जीवनची मोटारसायकल दोन तास एका कपाटामागे अडकली. त्याने तेव्हा हरकत नसल्याचं पत्र परत मागितलं.

कमळाबाईंनी हे सगळं पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि फक्त एवढंच म्हटलं, "लगनाला पंधरवडा न्हाय रायला. मांडव कनच्या डोक्यावर घालू?"

त्या संध्याकाळी चांगदेवशेठ रिकाम्या होत आलेल्या कारखान्यात जाऊन बसले. माग एका बाजूला ओढून ठेवलेले, जमिनीवर त्यांच्या पायांचे तेलकट चौकोन उरलेले. दौलतशेठांपुढे आपली फजिती होणार हे दुःख होतंच. पण खरं दुःख त्याच्या खाली होतं, आणि ते त्यांना तिथे बसल्यावर कळलं. लग्नानंतर हे माग वजनावर जाणार, कुठल्या तरी भट्टीत पडणार, आणि कुणाच्या तरी गटाराचं झाकण होऊन येणार. पोरीबरोबर यातलं काहीच जाणार नव्हतं.

मृणाली चहा घेऊन आली. तिने तंगडी मोडलेल्या मागावर हात ठेवला. "बाबा, याच्या बाजूला बसून मी दहावीचा अभ्यास केला. कुणाला खरं वाटत नाही. या आवाजात पाठांतर कसं व्हायचं विचारतात. मला तर शांत खोलीत पेपर लिहितानाच घाबरायला झालेलं."

चांगदेवशेठांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी तेलाच्या वासावर ढकललं.

"मला हंडा नको, वाट्या नको," ती म्हणाली. "या मागाचं काहीतरी द्या. स्टील नसलं तरी चालेल. बीडाचं काय होतं?"

"बीडाचा काय व्हनार?" दारातून कमळाबाई म्हणाल्या. त्या कधी आल्या ते दोघांनाही कळलं नव्हतं. "बीडाचा तवा व्हतो. तुमी येवडी वर्सं त्याच्यावरची भाकर खाताव, तवा कसला हाय त्या कधी बघला न्हाय. मान खाली घालून निकेल बघताव."

चांगदेवशेठ उठून उभे राहिले. तवा! तांदळाची भाकरी रोज ज्यावर पडते, पोळते, फुगते, तो तवा! आणि त्याचा अंदाज तर एका पत्रिकेच्या कोपऱ्यात मावला असता.

निजामपुऱ्यात मागांचे सुटे भाग ओतणारं एक जुनं दुकान अजून धुगधुगतं. नूरभाईंनी तिथे गाठ घालून दिली. साच्यासाठी नमुना लागतो, म्हणून कमळाबाईंनी आपला तवा दिला. मात्र तो परत येईपर्यंत घरात पाव खावा लागेल अशी अट घातली. काळ्या वाळूच्या दोन चौकटींमध्ये तवा दाबला, काढला, आणि वाळूत त्याचा हुबेहूब ठसा राहिला. कारागीर ओरिसाचा, हसरा, कानात गाणं. चांगदेवशेठांनी त्याला थांबवलं. "नाव मी घालनार. माझ्या हातानं."

शाळेत त्यांच्या अक्षराचं कौतुक व्हायचं. ते वाळूवर वाकले, खिळा धरला, जीभ दातांत धरली आणि गोल, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, 'बाबांकडून'. अनुस्वार तर असा घातला की नूरभाईंनी वाहवा केली. कारागिराला देवनागरी येत नव्हती, तोही म्हणाला, "बहुत सुंदर." मग मागाची मोडकी तंगडी मुशीत गेली, लाल झाली, पिवळी झाली आणि वाळूत उतरली. चांगदेवशेठांनी हात जोडले. शेजारी नूरभाईंनीही मनातल्या मनात काहीतरी म्हटलं.

हळदीच्या दिवशी सकाळी तवा घासून, तेल लावून हातात आला. चांगदेवशेठांनी तो उलटा केला. पाठ कोरी! सुलटा केला. अक्षरं होती, उठावाची, टपोरी, पण भाकरी टाकायच्या बाजूला, आणि सगळी उलटी. आरशात बघावी तशी. वाळूत सरळ लिहिलेलं लोखंडात उलटं उतरतं, आणि वाळूच्या दोन चौकटींतली तव्याची पाठ कुठली नि पोट कुठलं, हे तिथे हजर असलेल्यांपैकी कुणीही पाहिलं नव्हतं. सगळे अक्षराचं कौतुक करत होते.

दुसरा ओतायला वेळ नव्हता. हळद दारात आली होती, आणि पाहुणे तर आदल्या दिवसापासूनच आले होते.

लग्नात रुखवताच्या टेबलावर, अनारशांच्या आणि करंज्यांच्या मध्ये, तवा पालथा ठेवला होता. चांगदेवशेठांनी तो स्वतः ठेवला आणि वर एक फुलांची माळ टाकली. पण दौलतशेठ टेबलापाशी आले आणि मोठ्याने म्हणाले, "स्टील कनचा? बघूं तरी!" त्यांनी माळ बाजूला केली, तवा उचलला, वजनाने जरा वाकले आणि उलटा केला.

"आरं, यावर कायतरी लिव्हलंय." त्यांनी डोळे बारीक केले. "उर्दू हाय का? ओ नूरभाई, वाचा जरा!"

नूरभाईंनी चष्मा लावला. दोस्ताची इज्जत पणाला लागलेली, म्हणून त्यांनी खरोखर प्रयत्न केला. उजवीकडून सुरुवात केली, तवा लांब धरला, जवळ धरला. "उर्दू नहीं है," शेवटी ते पडेल आवाजात म्हणाले. "अरबी भी नहीं है."

मांडव खदखदून हसला. कुणी म्हणालं कानडी, कुणी म्हणालं मंत्र आहे. चांगदेवशेठ केटररच्या पातेल्यांमागे जाऊन उभे राहिले आणि आपल्याला तिथे काम आहे असं दाखवू लागले. पोरीच्या लग्नात बापाचे हसतानाचे फोटो काढायचे असतात. त्यांच्या प्रत्येक फोटोत पातेलं आहे.

पाठवणीच्या वेळी मात्र एक गोष्ट घडली. गाडीत बसताना कुणीतरी मृणालीच्या हातात पुष्पगुच्छ दिला. तिने तो नवऱ्याच्या मांडीवर ठेवला, आणि आईकडून तवा मागून घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवला. भरजरी शालूवर तेलाचा डाग पडला. तिने पाहिलंसुद्धा नाही. चांगदेवशेठ गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिले आणि मग नूरभाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले.

गल्लीतलं लोखंड भंगारवाल्याने नेलं. तीनपायी खाट तेवढी नूरभाईंनी ओट्यावर ठेवून घेतली, चहाला बसायला. त्या खाटेवरच ते दोघे बसलेले असताना एका रविवारी दौलतशेठांचा व्हिडिओ कॉल आला.

"व्याही! ह्या काय लावलंय तुमी माझ्या घरान?" ते गरजले.

चांगदेवशेठांनी चहाचा कप खाटेखाली ठेवला. कमळाबाई हात पुसत धावत आल्या.

दौलतशेठांनी मोबाइल ताटाकडे वळवला. ताटात पांढरीशुभ्र, फुगून बसलेली तांदळाची भाकरी होती, आणि तिच्यावर तपकिरी, गोल, टपोऱ्या, एकदम सरळ अक्षरांत उमटलं होतं, 'बाबांकडून'. अनुस्वारासकट.

"रोजचा हाय ह्या!" दौलतशेठ ओरडत होते. "माझा घर, माझा तांदूल, माझा गॅस, आनि ताटान भाकर येते ती तुमच्याकडून! काल गावचं चार जन जेवाया बसलं, इचारतान, शेठ, जेवन व्याह्याकडून येतंय का?" त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. मागे पदर खोचलेली मृणाली तव्याजवळ उभी होती, आणि तीही हसत होती, डोळे पुसत होती.

चांगदेवशेठांनी मोबाइल नूरभाईंच्या तोंडापुढे धरला. नूरभाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पडद्यावरची भाकरी डावीकडून उजवीकडे, एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचली. मग म्हणाले, "मेरी बेटी मदीहा की शादी में मेरे लूम का भी एक. मगर इस बार लिखूँगा मैं."

"मना बी एक पायजेल," पलीकडून दौलतशेठ म्हणाले. "धाकटीच्या लग्नाला. खर्च काय आला त्याचा, ता सांगा."

चांगदेवशेठांनी उशाखालच्या पत्रिका आठवल्या. आग, घट, अस्तर, निकेल, लंडन. हा एक आकडा मात्र त्यांनी कुठेच मांडला नव्हता.

"त्याचा अंदाज न्हाय काढला, व्याही," ते म्हणाले. "तुमी जेवा आदी. भाकर निवतेय."

दौलतशेठांनी भाकरीचा तुकडा मोडला, 'बाबां'च्या बाजूने, आणि कालवणात बुडवला.